झाड पाडायच्या आधी लाकडाचा हिशोब करा : खानापूर-बेळगाव भागातली मालकीची झाडं

मलप्रभाकाठ
लाकूड वाया जातं ते वखारीत, असा आपल्याकडे सगळ्यांचा समज आहे. करवतीखालचा भुशाचा ढीग डोळ्यांना दिसतो, म्हणून तो समज होतो. मी सुतारकामासाठी खानापूर, नंदगड, जांबोटी, लोंढा या पट्ट्यात वर्षानुवर्षं लाकूड घेतोय, चिरून आणतोय. माझं मत वेगळं आहे. मोठी नासाडी ट्रॅक्टर वखारीच्या दारात लागायच्या आधीच होऊन गेलेली असते. झाड कुठल्या महिन्यात पाडलं, बुंध्याला किती उंचीवर कापलं, किती फुटांचे ओंडके केले आणि ते किती दिवस बांधावर पडू दिले, यातच त्या लाकडाचं काय होणार ते ठरतं.

हा धागा मालकीच्या झाडांपुरताच ठेवूया. बांधावरचा फणस, आंबा, परसातला साग, शेताच्या कडेचा सिल्व्हर ओक, माळावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ. भीमगडकडच्या किंवा इतर रानातल्या झाडाला हात लावायचा विषयच नाही. आणि स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, माल हलवायला पास लागतो. काही जातींना सूट आहे, पण ऐकीव माहितीवर जाऊ नका, वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारून मगच गडी बोलवा.

आता बुडख्याबद्दल. गडी उभ्याउभ्या सोयीच्या उंचीवर करवत लावतात, गुडघ्याच्या वर, कधी मांडीला. झाडाचं सगळ्यात जाड लाकूड तिथेच असतं. पाच फूट घेराच्या सागाचा दीड फूट बुडखा जमिनीत राहिला तर वखारीच्या मापानं सव्वादोन घनफुटांहून जास्त लाकूड मातीला गेलं. माती-दगड बाजूला सारून जमिनीलगत कापायला थोडा वेळ जास्त लागतो, करवतीच्या साखळीला मातीची भीती असते, हे मान्य. ते आधी सांगून, त्याची मजुरी ठरवून घ्यावी.

दुसरी गोष्ट पाडण्याची. ज्या बाजूला झाड पडायचं त्या बाजूला आधी खाच पाडायची, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोलीची. मग मागून, खाचेपेक्षा थोडा वर काप घ्यायचा आणि मध्ये जाडीच्या साधारण दहाव्या भागाएवढी पट्टी न कापता सोडायची. झाड त्या पट्टीवर कलतं आणि सावकाश खाली येतं. खाच न घेता नुसतं मागून कापत गेलं की खोड उभं फाटतं. ती फाट पाच-सहा फूट वर जाते आणि नेमका पहिला, सगळ्यात मोलाचा ओंडका मध्यातून चिरलेला मिळतो. शिवाय माणसाच्या अंगावर येतो तो धोका वेगळाच.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते लांबीचं. ट्रॉलीत बसावं म्हणून सरसकट दहा फुटांचे तुकडे पाडतात. दाराची चौकट घ्या. उभे दोन सात फुटी, वरचा आडवा कानासकट, म्हणजे भिंतीत जाणाऱ्या टोकांसकट, साडेतीन फुटी. दहा फुटी ओंडक्यातून सात फुटी उभा निघाला की तीन फूट उरतं. त्यात आडवा बसत नाही आणि तो तुकडा जळणात जातो. तेच अकरा फुटांवर कापलं असतं तर उभा आणि आडवा दोन्ही निघाले असते, आणि दोन्ही टोकांची भेगाळलेली तीन-तीन इंचं छाटायलाही वाव राहिला असता. एका फुटाच्या चुकीनं तीन फूट जळतं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की झाड उभं असतानाच सुताराला बोलवा, कशाला काय लागणार ते ठरवा, आणि पडल्यावर खडूनं खुणा करून मगच तुकडे पाडा.

राहिला वेळ. साग थोडा पडून राहिला तरी गाभ्याला फार होत नाही. पण आंबा, सिल्व्हर ओक, सावर असली पांढरी लाकडं ओल्या हवेत काही दिवसांत निळसर पडतात, मग भुंगा लागतो. पाऊस ओसरल्यावर, कार्तिकाच्या पुढे थंडीत पाडावं आणि लगेच चिरून घ्यावं. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना जुना ऑईल पेंट किंवा डांबर फासलं तर भेगा बऱ्याच आवरतात, कारण लाकडाचं पाणी टोकांतून फार वेगानं निघतं आणि मधला भाग तेवढा वाळलेला नसतो.

आपापले अनुभव लिहा. आखूड तुकड्यांचं तुमच्याकडे काय करतात, हे मला विशेष वाचायचं आहे.

पट्टा_करवत
बरोबर लिहिलंय की ओ दादा. मी बेळगावात वखारीत मशीनवर असतो. तरी आमच्याकडचीही नासाडी लिहितो, लोकांना कळू दे.

जुन्या गोल करवतीचं पान पाच-सहा मिलिमीटर लाकूड खातं. पट्टा करवतीचं पान पातळ, दोन-अडीच मिलिमीटर. आता इंचाची, म्हणजे पंचवीस मिलिमीटरची फळी काढायची असेल तर गोल करवतीवर दर फळीमागं सहा मिलिमीटर भुसा. एकतीसातले सहा गेले, जवळजवळ पाचवा हिस्सा. पट्ट्यावर सत्तावीसातले दोन, म्हणजे तेराव्या-चौदाव्या हिश्शाएवढं. लाकूड तेच, झाड तेच. फक्त पट्टा ताणलेला आणि दात वेळेवर घासलेले पाहिजेत. ढिला पट्टा लाटा मारतो. मग फळी एकीकडं इंच, दुसरीकडं पाऊण, आणि सुतार रंधा मारून सगळं पाऊण करतो. तो पाव इंच कुणाच्या हिशोबात धरतच नाही.

मापाचं पण सांगतो, भांडणं त्यातच होतात. वखारीत घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. चार फूट घेर, दहा फूट लांब, म्हणजे दहा घनफूट. गोलाच्या हिशोबानं खरं लाकूड पावणेतेराच्या जवळ भरतं. कडेची साल-फळकुटं जाणारच म्हणून हे माप कमी धरतं. कुणी म्हणालं आमच्याकडं पासष्ट टक्के माल निघतो, तर विचारा कुठल्या मापानं. दहा घनफुटांतले साडेसहा म्हणजे पासष्ट, पण खऱ्या पावणेतेरातले साडेसहा म्हणजे निम्मंच. उरलेलं निम्मं म्हणजे फळकुटं, कडा आणि भुसा. आणि घेर सालीवरून घेतला का साल काढून, तेही आधी ठरवा. नाहीतर आंब्यासारख्या जाड सालीच्या झाडात फसाल.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, सगळ्या इंचाच्या फळ्या काढा. कशाला पाहिजे ते सांगतच नाही. कपाटाला पाहिजे म्हणाला असता तर पाऊण काढून दिल्या असत्या, रिपा पाहिजे म्हणाला असता तर कडेच्या फळकुटातनं काढल्या असत्या. गाभ्यातली चांगली फळी फाडून रिपा करायची वेळ आली नसती.

निपाणीचा_बांध
सगळं पटतं, पण शेतकऱ्याच्या बाजूनं बोलतो. आमच्याकडे बाभूळ आणि कडुनिंब जास्त. व्यापारी बांधावर येतो, झाडाकडे एकदा खालून वर बघतो आणि उक्ता भाव सांगतो. झाड पाडणं, पास काढणं, माल उचलणं सगळं त्याचं. शेतकऱ्याला गडी मिळत नाहीत, ऊसतोडीच्या दिवसांत तर नाहीच. सुतार बोलावून खडूच्या खुणा करायला सवड कुणाला आहे? व्यापाऱ्याला अकरा फूट काय आणि दहा काय, त्याला ट्रॉली भरायची असते.

मलप्रभाकाठ
@निपाणीचा_बांध, हाच मुद्दा कळीचा आहे. उक्तं विकलं की लाकडाची किंमत कळायची सोय राहत नाही, आणि किंमत कळत नाही त्या मालाची काळजी कुणी घेत नाही. सगळ्यांनी स्वतः झाड पाडावं असं मी म्हणत नाही. पण व्यापारी यायच्या आधी छातीच्या उंचीला सुतळी गुंडाळून घेर मोजून ठेवणं कुणालाही जमतं. सरळ खोड किती फूट आहे ते शेजारी उभ्या माणसाच्या उंचीवरून अंदाजानं काढता येतं. पाव घेराचा वर्ग गुणिले लांबी. एवढा आकडा हातात असला की बोलणं बदलतं. आणि व्यवहारात दोन अटी घालायच्या: बुडखा जमिनीलगत कापायचा, आणि घराला लागणारे एक-दोन ओंडके आम्ही सांगू त्या लांबीचे काढून द्यायचे. व्यापाऱ्याला ते अवघड नाही.

बाभळीचं लाकूड तर सरसकट जळणात घालू नयेच. गाडीची चाकं, नांगर, कुळव यांना आपले जुने लोक बाभूळच वापरायचे ते उगाच नाही. वाळलेल्या बाभळीला पॉलिश छान बसतं.

उद्यमबाग_पॅटर्न
आखूड तुकड्यांचं विचारलंत म्हणून लिहिते. आमचं बेळगावात फौंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना, करायचं छोटं वर्कशॉप आहे. सासरे सुरुवातीपासून त्यातच, आता मी हिशोब आणि खरेदी बघते. बेळगावच्या ओतकामाला पॅटर्न लागतातच, आणि पॅटर्नला लांब फळी लागत नाही. उलट एकसंध मोठा ठोकळा आम्ही टाळतो. तो आकसला की माप बिघडतं. दीड-दोन इंच जाडीचे, फूट-सव्वा फुटाचे सागाचे तुकडे एकमेकांना आडवे रेषे देऊन चिकटवतो, मग त्यातून आकार काढतो. गोल चाकासारख्या पॅटर्नला तर सगळे छोटे तुकडेच जोडावे लागतात.

म्हणजे तुमच्याकडे जे चौकटीतून उरलेलं तीन फूट आहे, ते आमच्यासाठी पहिल्या प्रतीचं लाकूड आहे. अट एकच, वाळलेलं पाहिजे. हल्ली एमडीएफ आणि अॅल्युमिनियमचे पॅटर्न वाढलेत, तरी एकदोनदाच लागणाऱ्या कास्टिंगला लाकूडच परवडतं. पण वखारीत गेलं की हे तुकडे फळकुटांत मिसळून वजनावर जळणाला विकलेले असतात. कुणी ते वेगळे काढून ठेवत नाही.

पट्टा_करवत
वहिनी, ठेवायला जागा नाही हेच कारण. पण सागाचे फूटभराच्या वरचे तुकडे एका कोपऱ्यात रचून ठेवायला मालकांना मी सांगू शकतो. जळणाच्या भावापेक्षा थोडा जास्त मिळाला तर ते हो म्हणतील.

उद्यमबाग_पॅटर्न
नक्की जास्त देऊ. सावलीत रचा, जमिनीवर नको, खाली दोन वासे घाला. मी तुम्हाला व्यक्तिगत संदेश पाठवते.

रानवाट
मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. नोकरीत असताना माझं बरंच आयुष्य रानात गेलं. "लाकूड वाया जातं" हे वाक्य मालकीच्या झाडापुरतं ठीक. पण हळूहळू हेच लोक रानाबद्दल बोलायला लागतात, की तिथे एवढं पडलेलं लाकूड कुजतंय, उचलू का देत नाहीत. रानात कुजणारं लाकूड वाया गेलेलं नसतं.

दांडेलीकडचे धनेश बघायला लांबून लोक येतात. धनेशाची मादी जुन्या, जाड झाडाच्या ढोलीत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. ती ढोली तरण्याताठ्या, निरोगी झाडाला नसते. लाकूडतोड्याच्या नजरेला पोकळ झाड म्हणजे टाकाऊ, म्हणून पूर्वी अशी झाडं "साफ" व्हायची आणि पक्ष्याला घर उरायचं नाही. खाली पडलेल्या ओंडक्यात पाणी मुरून राहतं, उन्हाळ्यात सगळं रान कोरडं असताना त्याच्याखाली ओल सापडते. बुरशी, वाळवी, सुतारपक्षी, पुढची रोपं, सगळ्यांचं त्यावर चालतं. म्हणून मोहीम काढायची तर ती बांधापासून वखारीपर्यंतच असावी. आणि बांधावरही एखादं ढोलीचं जुनं झाड असेल, त्याचं चिरायला काही निघणार नसेल, तर ते उभंच राहू द्या ही विनंती.

मलप्रभाकाठ
@रानवाट काका, पूर्ण सहमत. पोकळ झाड चिरायला आणलं तरी वखारीत त्यातून जळणच निघतं. ते उभं राहणंच योग्य.

काळीकाठ
जोयड्याकडचा आहे. काकांच्या बोलण्यावरून बांबूची गोष्ट आठवली. इथल्या लोकांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी लिहितो.

दांडेलीची कागद गिरणी १९५५ साली स्थापन झाली आणि उत्तर कन्नडातला बांबू तिच्याकडे जाऊ लागला. काही वर्षांत बांबू कमी पडायला लागला, बुरडांच्या टोपल्यांनाही मिळेना. १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे येऊन अभ्यास केला. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. ते साफ केलं की बेट मोकळं होऊन जोमानं वाढतं आणि तोडणीही सोपी होते, असं वनखात्यात मानलं जायचं. गावचे लोक सांगत होते की उलट होतं. अभ्यासात गावकऱ्यांचंच म्हणणं खरं निघालं. काटे काढले की पावसाळ्यात फुटणारे कोवळे कोंब गुरं आणि रानातली जनावरं खाऊन टाकतात, आणि बेटात नवा बांबू तयारच होत नाही. ज्याला कचरा समजून काढलं तेच राखण करत होतं.

ज्यांच्या शेतात बेट आहे त्यांनी आजही हे लक्षात ठेवावं. बुडाचे काटे ठेवा. त्या वर्षीचे आणि मागच्या वर्षीचे बांबू सोडा, तीन वर्षांवरचेच काढा. जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वर कापा. उंच कापला की जाड भाग फुकट जातो आणि दोन गाठींच्या मध्ये कापला की खोबणीत पाणी साचून बूड कुजतं. कोवळा बांबू तोडला तर त्यात साखर-पिष्ट जास्त, सहा महिन्यांत भुंग्यानं पीठ पाडलंच म्हणून समजा. आमच्याकडे तोडलेला बांबू काही आठवडे ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात. ते पिष्ट धुऊन जातं आणि बांबू टिकतो.

गुंजीची_सून
सगळं वाचलं. भुशाबद्दल मी लिहिते. शहरातली माणसं भुशाला कचरा म्हणतात, पण आमच्या घरी आजही न्हाणीघराचं पाणी भुशाच्या शेगडीवर तापतं. पत्र्याच्या डब्याला खाली बाजूला भोक पाडायचं. त्या भोकातून एक आडवी लाकडी काठी आणि मध्ये उभी बाटली धरायची. भोवती भुसा मुठीनं ठासून भरायचा, अगदी घट्ट, अंगठा दाबला तर रुतू नये इतका. मग बाटली फिरवत वर काढायची, काठी ओढून घ्यायची. मध्ये पोकळी राहते, तिच्यात खालून पेटवायचं. एकदा पेटली की फुंकर घालावी लागत नाही, सकाळभर एकसारखी धगधगते. पण घराबाहेर किंवा मोकळ्या पडवीतच. बंद खोलीत तिचा धूर जीव घेईल.

तेव्हा भुसा नासाडीत धरू नका. वखारीतला भुसा आणि फळकुटं स्वस्तात मिळतात म्हणून कितीतरी घरांच्या चुली पेटतात. सगळं काही "चांगल्या वापरात" गेलं तर आम्ही रानात मोळीला जायचं का?

मलप्रभाकाठ
@गुंजीची_सून ताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. फळकुटं आणि भुसा जळणाला जाणं ही नासाडी नाहीच, तुमच्या चुलीला ते पोचलं म्हणजे तेवढं रान वाचलं. मला खटकतं ते चौकटीचं लाकूड चुलीत जाणं. क्रम असा असावा: आधी लांब माल, मग आखूड तुकडे, मग रिपा-दांडे, आणि ज्यातून काहीच निघणार नाही ते जळणाला.

धामणीचे वाकडे फाटे आमच्याकडे कुऱ्हाडी-कुदळीच्या दांड्यांना राखून ठेवतात. धामण लवचिक असते, हाताला हादरा कमी बसतो. तो फाटा चुलीत घातलेला मला बघवत नाही.

धिंगरीवाला
भुशाच्या बाबतीत दोन सावधगिरी. शेतात ताजा भुसा टाकू नका. त्यात कर्ब प्रचंड आणि नत्र अगदी थोडं. कुजवणारे जीव मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. शेण आणि हिरवा पाला मिसळून खड्ड्यात चांगला कुजवा, वर्षभरानं घाला. गोठ्यात अंथरून मग उकिरड्यात गेला तर सगळ्यात चांगलं, गोमूत्रातलं नत्र त्यात मुरतं. धिंगरी अळंबीला भुसा वापरता येतो, पण कोंडा मिसळावा लागतो आणि निर्जंतुक करणं जास्त कटकटीचं. आपल्या भागात भाताचा पेंढा असताना पेंढाच सोपा.

दुसरं, औषध लावलेल्या लाकडाचा, प्लायवूडचा, एमडीएफचा भुसा चुलीत, गोठ्यात, अळंबीत कुठेही नको. वखारीत तो साध्या भुशात मिसळू देऊ नये. आणि मशीनवरच्या लोकांनी नाकाला मास्क लावा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच जाहीर केलंय.

पट्टा_करवत
मास्कचं खरं आहे. शिसवी चिरताना तर डोळे आणि घसा जळतोच. आमच्यात कुणी लावत नाही. उद्यापासून मी लावतो, पोरांनाही सांगतो.

शहापूरकर
बेळगाव शहरातली एक गोष्ट या धाग्यात आलीच पाहिजे. शहापूर, वडगाव, अनगोळ, तसंच गावोगाव कौलारू घरं पाडून स्लॅबची घरं होतायत. त्या घरांत सागाच्या तुळया, जांबा आणि मत्ती (ऐन) या झाडांचे खांब, किंजळाचे वासे आहेत. पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड. त्याला आता पीळ पडणार नाही, भेग जाणार नाही. असं लाकूड नवं विकत मिळत नाही. आणि घर पाडणारा ठेकेदार ते पाडण्याच्या मजुरीत वळतं करून घेऊन जातो. घरमालक नव्या घराला लागणारं कच्चं लाकूड महाग भावानं आणतो आणि पहिल्याच पावसात दार अडकलं म्हणून सुताराला बोलावतो.

घर पाडण्याआधी प्रत्येक तुळई-वाशाची लांबी-जाडी वहीत लिहा. जेसीबी लावायच्या आधी छप्पर हातानं उतरवून घ्या. जेसीबीचा एक धक्का बसला की तुळई मध्यातून मोडते. वखारवाले जुनं लाकूड चिरायला नको म्हणतात, त्यांचंही बरोबर आहे, एक खिळा लागला की पानाचे दात जातात. म्हणून खिळे काढणं आपलं काम. कटावणीनं काढा, तुटलेले राहिले असतील तिथे लोहचुंबक फिरवून खडूनं गोल करा, तेवढा भाग छिन्नीनं कोरा. वाळवीनं टोकं खाल्लेली असतात, भिंतीत गेलेला भाग हमखास. तेवढं छाटलं की आतलं लाकूड खणखणीत असतं.

पट्टा_करवत
खिळे काढून आणलं तर आम्ही चिरतो, ओ. वाळलेलं असल्यामुळं पान लवकर बोथट होतं, म्हणून चिराई थोडी जास्त घेतो, एवढंच.

माळावरची_बाभूळ
प्रश्न आहे. आमच्या माळावर वडिलांनी लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि थोडा सिल्व्हर ओक आहे. सगळे म्हणतात हे फक्त जळण आणि पेटीचं लाकूड, फर्निचरला चालत नाही. खरं का? आणि सालीलगतचा पांढरा भाग असलेल्या फळ्या टाकून द्याव्यात का?

मलप्रभाकाठ
@माळावरची_बाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभळीचा गाभा तपकिरी, घट्ट, पॉलिशला देखणा. अडचण एकच, खोड वाकडं आणि फाटे खालूनच. लांब फळी निघत नाही. म्हणून तिच्यातून खुर्च्या, स्टूल, पाट, छोट्या फळ्या जोडून टेबलाचा माथा असलं काम काढायचं. वाकड्या ओंडक्याचे आधी तीन-चार फुटी तुकडे पाडायचे, मग चिरायचे. लांब ठेवून चिरलं तर वाकामुळे निम्मं फळकुटात जातं. तुकडा आखूड केला की वाक कमी होतो आणि त्याच ओंडक्यातून जास्त फळी मिळते. सिल्व्हर ओक हलका आहे, पण घरातल्या कपाटाला, कप्प्यांना उत्तम.

पांढरा भाग टाकू नका. तो ताकदीला गाभ्याहून फार कमी नसतो, फक्त त्याला भुंगा आणि बुरशी लवकर लागते. घरातल्या कोरड्या जागी वापरायचा असेल तर औषध देऊन घ्या. शंभर लिटर पाण्याला दोन किलो बोरिक अॅसिड आणि तीन किलो बोरॅक्स. फळ्या चिरल्या चिरल्या, ओल्या असतानाच त्यात बुडवा, मग एकावर एक गच्च रचून ताडपत्रीत काही आठवडे झाकून ठेवा. औषध लाकडातल्या पाण्यातून आत मुरत जातं. वाळलेल्या फळीत ते असं मुरत नाही, म्हणून उशीर करायचा नाही. पावसात हे औषध धुऊन जातं, त्यामुळे बाहेरच्या दाराला, कुंपणाला उपयोग नाही. पोळपाट, लाटणं, ताटं यांना तर हे लावूच नका.

नंतर ताडपत्री काढून फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी रचा. प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर, आणि वरच्या थरातली पट्टी बरोबर खालच्या पट्टीच्या डोक्यावर. ती इकडेतिकडे झाली की फळी तिथेच बाक धरते. वर जुने दगड किंवा ओंडके ठेवून वजन द्या.

गुंजीची_सून
दादा, आमच्या दिरांचं घर बांधायचं चाललंय. परसातला फणस आणि दोन साग या थंडीत पाडायचे म्हणतात, परवानगीचा अर्ज दिलाय. किती-किती फुटांचे तुकडे पाडायचे ते एकदा सलग लिहून द्या ना, मी त्यांना दाखवते.

मलप्रभाकाठ
@गुंजीची_सून ताई, लिहितो. सगळ्या मापांत टोकांची छाट धरलेली आहे.

सागाचा बुंध्याकडचा पहिला ओंडका दारासाठी, अकरा फूट. त्यातून सात फुटी उभा आणि साडेतीन फुटी आडवा निघतो. घेर चांगला असेल तर असे दोन-तीन जोड. त्याच्या वरचा भाग खिडक्यांना. चार फुटी खिडकी असेल तर नऊ फूट कापा, लांबीत दोन तुकडे बसतात. पलंगाच्या बाजूच्या पट्ट्यांना पावणेसात फूट लागतं, ते तिसऱ्या ओंडक्यातून काढा, तिथे जाडी कमी चालते. फणसाचं खोड बहुतेक आखूड असतं, त्याला दाराच्या फळ्यांसाठी सव्वासात फूट पुरे, आणि वरच्या जाड फांद्यांचे अडीच-तीन फुटी तुकडे करून पाट आणि देव्हाऱ्याला ठेवा. मनगटाएवढ्या फांद्या चुलीला.

मात्र तुकडे पाडायच्या आधी दिरांनी सुताराला झाडाजवळ नेऊन एकदा खोडाचा वाक बघून घ्यावा. कुठे गाठ आहे, कुठे फाटा फुटलाय, त्याप्रमाणे खूण अर्धा फूट मागेपुढे करावी लागते. गाठ फळीच्या मध्यात येण्यापेक्षा तुकड्याच्या टोकाला आलेली बरी. आणि गड्यांना सकाळी काम सुरू व्हायच्या आधीच सांगा, बुडखा जमिनीलगत.